रेन-ल-शातोचा धनवान पाद्री

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांमध्ये, कार्कासोन या तटबंदीच्या शहरापासून दक्षिणेला रेन-ल-शातो नावाचे खेडे आहे. कुइझा या गावातून वर चढणारा नागमोडी रस्ता या खेड्यात येऊन संपतो. लोकवस्ती शंभराच्या आत. दुकाने मोजकीच. एरवी अशा खेड्याचे नाव फ्रान्समधल्या माणसालाही ठाऊक असायचे कारण नव्हते. मात्र गेली अनेक दशके जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या टेकडीवर चढत आहेत. ती तेथील संग्रहालयात जातात, लहानशा चर्चमध्ये शिरतात, दरीच्या काठावरच्या दगडी मनोऱ्यापाशी छायाचित्रे काढून घेतात आणि बागेतील एका कबरीपाशी थबकतात. संग्रहालय, चर्च, मनोरा आणि कबर या चारही गोष्टी एकाच माणसाशी निगडित आहेत. तो माणूस म्हणजे या गावाचे एकेकाळचे पाद्री बेरांजे सोनिएर.

हे नाव आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावे. डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ या 2003 मधील कादंबरीत आरंभीच ज्यांचा खून होतो, त्या लूव्र संग्रहालयाच्या अभिरक्षकाचे आडनाव सोनिएर आहे, आणि ते याच पाद्र्यावरून घेतलेले आहे. त्या कादंबरीवरील चित्रपट 2006 मध्ये आला, तेव्हा मुंबईत निदर्शने झाली आणि गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली, हेही अनेकांना स्मरत असेल. त्या सगळ्या गदारोळाचे एक मूळ या खेड्यात होते. खरे सोनिएर मात्र त्या गदारोळात कोणाला फारसे दिसले नाहीत.

सोनिएर यांचा जन्म 11 एप्रिल 1852 रोजी मोंताझेल या गावी झाला. रेन-ल-शातोपासून हे गाव अवघ्या काही किलोमीटरवर. घर खाऊन-पिऊन सुखी, गावात प्रतिष्ठा असलेले. भावंडांत बेरांजे थोरले. धाकटा भाऊ आल्फ्रेड हाही पुढे धर्मगुरू झाला. 1879 मध्ये बेरांजे यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षे दुय्यम जागांवर काढल्यावर जून 1885 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांची रेन-ल-शातोला नेमणूक झाली. देह धिप्पाड, आवाज दमदार आणि स्वभाव हट्टी. त्यांच्या वाट्याला आले ते जवळजवळ पडीक म्हणावे असे चर्च. मग्दालीया मरियेच्या नावाने उभारलेले हे मंदिर शतकानुशतके जुने होते आणि त्याच्या छपरातून पाणी गळत होते. पाद्र्याचे राहते घरही राहण्याजोगे नव्हते.

त्या काळचा फ्रान्स दोन तटांत विभागलेला होता. एकीकडे प्रजासत्ताकाचे पुरस्कर्ते, दुसरीकडे राजेशाही परत यावी अशी आस बाळगणारे चर्चनिष्ठ. पाद्र्यांना वेतन सरकारी तिजोरीतून मिळे. असे असताना 1885 च्या ऑक्टोबरमधील निवडणुकीत सोनिएर यांनी व्यासपीठावरून प्रजासत्ताकाविरुद्ध उघड प्रचार केला. परिणाम व्हायचा तोच झाला. सरकारने त्यांचे वेतन रोखले आणि पुढचे काही महिने त्यांना नार्बोनच्या गुरुकुलात शिकवून काढावे लागले. 1886 च्या उन्हाळ्यात ते गावी परतले. राजेशाहीच्या बाजूने बोलल्याचा एक लाभ मात्र झाला. फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या शांबोरच्या काउंटच्या विधवा पत्नीकडून त्यांना देणगी मिळाली. आपली श्रद्धा आणि आपले राजकारण यांना दूरची धनिक माणसे पैसे देतात, हा धडा या तरुण पाद्र्याने तेव्हाच गिरवला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो.

यानंतर चर्चचा जीर्णोद्धार सुरू झाला. 1887 मध्ये नवी वेदी आली, पुढे बोर्दोच्या कारागिराकडून रंगीत काचांच्या खिडक्या आल्या. जुन्या वेदीखालचा कोरीव दगडी खांब त्यांनी बाहेर बागेत उलटा रोवला आणि 1891 मध्ये त्यावर लूर्दच्या मातेची मूर्ती बसवली. तुलूझच्या झिस्कार यांच्या कारखान्यातून संतांच्या रंगीत मूर्ती, क्रूसाच्या वाटेची चित्रशिल्पे आणि दाराशी ठेवण्याचे पवित्र जलाचे पात्र मागवण्यात आले. हे पात्र एका सैतानाच्या खांद्यावर तोललेले आहे. डोळे वटारलेला, गुडघा दुमडून बसलेला हा सैतान पाहून आजही पाहुणा क्षणभर दचकतो. प्रवेशद्वारावर जुन्या करारातील याकोबाच्या स्वप्नकथेतले एक लॅटिन वचन कोरलेले आहे. ही जागा भयप्रद आहे, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो, आणि गूढाच्या शोधात निघालेल्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. वास्तविक येथील भय म्हणजे देवाच्या सान्निध्यात वाटणारा धाक. चर्चच्या समर्पणविधीत हे वचन पूर्वापार येत आले आहे. 1897 मध्ये कार्कासोनचे बिशप बियार यांनी स्वतः येऊन नूतनीकरण झालेल्या या मंदिराला आशीर्वाद दिला.

याच काळात गावात कुजबूज सुरू झाली होती. सोनिएर यांच्या रोजनिशीत सप्टेंबर 1891 मध्ये एक थडगे सापडल्याची त्रोटक नोंद आहे. ते कोणाचे, त्यात काय होते, याबद्दल एक अक्षर नाही. पुढे पाद्रीबुवा दफनभूमीतही खोदकाम करू लागले. आपल्या आप्तांच्या कबरी हलवल्या जात आहेत, त्यांवरील क्रूस उपटले जात आहेत, अशी तक्रार गावकऱ्यांनी मार्च 1895 मध्ये थेट जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे केली. चर्चच्या दुरुस्तीत एखादा जुना दागिना वा मूठभर नाणी हाती लागली असणे अशक्य नाही. जुन्या वास्तूंत असे घडते. पण पुढे जे उभे राहिले, ते मूठभर नाण्यांवर उभे राहण्यासारखे नव्हते.

1898 पासून गावातील जमिनीचे तुकडे एकामागून एक विकत घेतले जाऊ लागले. खरेदीखतांवर नाव असे ते सोनिएर यांची घरकामवाली मारी देनार्नो यांचे. मारी जवळच्या, टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एस्पेराझाच्या. सोनिएर यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. आधी घर सांभाळणारी, मग सर्व व्यवहारांची भागीदार, आणि अखेर वारसदार. या नात्याबद्दल गाव काय बोलत असेल, हे आपल्याकडच्या खेड्यांची ओळख असलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. 1901 ते 1906 या काळात त्या जमिनींवर व्हिला बेथानिया ही डौलदार कोठी, बाग, दरीकडेने अर्धवर्तुळाकार सज्जा आणि त्याच्या टोकाला तूर माग्दाला हा मनोरा उभा राहिला. मनोऱ्यात सोनिएर यांनी आपले ग्रंथालय मांडले. पाहुण्यांची सरबराई उंची वाइन आणि रमने होई. स्वतः मात्र ते जुन्याच घरात राहत. कोठी वृद्ध धर्मगुरूंच्या निवाऱ्यासाठी बांधली आहे, असे त्यांचे सांगणे होते. तेथे एकही वृद्ध धर्मगुरू कधी राहायला आला नाही.

ज्याचे वेतन महिन्याला 75 फ्रँक, त्याने हे सारे कशाच्या बळावर केले?

उत्तर सोनिएर यांच्या हिशेबाच्या वह्यांत आहे आणि ते खजिन्याइतके रोमहर्षक नाही. कॅथलिक परंपरेत मृत आप्ताच्या आत्म्याला शांती लाभावी, आजारी मूल बरे व्हावे, अशा हेतूंसाठी धर्मगुरूला विनंती करून मिस्सा अर्पण करवण्याची रीत आहे. त्यासाठी दक्षिणा दिली जाते. त्या काळी ती साधारण एक ते दीड फ्रँक असे. आपल्याकडे परगावचा भाविक देवस्थानाच्या पुजाऱ्याकडे मनिऑर्डर करून आपल्या नावाने अभिषेक घालायला सांगतो, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच, की चर्चचा नियम काटेकोर आहे. प्रत्येक दक्षिणेसाठी स्वतंत्र मिस्सा झाली पाहिजे. धर्मगुरू सामान्यतः दिवसाला एकच मिस्सा अर्पण करतो. त्यामुळे त्याच्याकडे अधिक विनंत्या आल्या, तर त्या दक्षिणेसह अन्य धर्मगुरूंकडे सोपवल्या पाहिजेत. यात नफा करणे हा गुन्हा.

सोनिएर यांनी नेमके तेच केले. त्यांनी कॅथलिक नियतकालिकांत जाहिराती दिल्या. फ्रान्सभर आणि फ्रान्सबाहेरही मठांना, संस्थांना, धनिक भाविकांना पत्रे लिहिली. एका गरीब, दुर्गम गावातील पाद्री मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी मिस्सेची दक्षिणा मागत आहे, हे ऐकून लोकांनी विश्वासाने पैसे पाठवले. टेकडीवर टपाल येत राहिले आणि त्यातून मनिऑर्डरी निघत राहिल्या. किती विनंत्या आल्या, त्याच्या नोंदी सोनिएर स्वतःच ठेवत, आणि त्या वाचल्यावर एका माणसाकडून इतक्या मिस्सा होणे कालत्रयी शक्य नव्हते हे उघड होते. पुढे चौकशीत त्यांनी स्वतःच बांधकाम व नूतनीकरणाचा खर्च 193,000 फ्रँक सांगितला. त्यांच्या सरकारी वेतनाच्या हिशेबाने ही दोनशे वर्षांहून अधिक काळाची कमाई. ही सर्व रक्कम दीड फ्रँकच्या दक्षिणेतून उभी राहिली असे क्षणभर धरले, तर सव्वा लाखाहून अधिक मिस्सा होतात. रोज एक याप्रमाणे त्यांना साडेतीनशे वर्षे लागली असती. काही पैसा खरोखरच देणग्यांचा होता, हे मान्य करूनही आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

या प्रकरणात फसवणूक कोणाची झाली, याचा विचार गूढकथा लिहिणाऱ्यांनी क्वचितच केला. कोणा विधवेने नवऱ्यासाठी, कोणा आईने गेलेल्या लेकरासाठी, घरखर्चातून वाचवून दीड फ्रँक पाठवले असतील. त्यांच्या श्रद्धेनुसार त्या मिस्सेवर मृतात्म्याची सद्गती अवलंबून होती. ती मिस्सा झालीच नाही, आणि झाली नाही हे त्यांना कधी कळलेही नाही.

बिशप बियार हयात होते तोवर सोनिएर यांना विशेष तोशीस पडली नाही. ते 1901 च्या अखेरीस वारले आणि पुढच्या वर्षी बोसेझूर हे नवे बिशप आले. ते शिस्तीचे पक्के होते. दरम्यान 1905 मध्ये फ्रान्समध्ये धर्मसंस्था आणि शासन वेगळे करणारा कायदा झाला व पाद्र्यांचे सरकारी वेतन बंद पडले. जानेवारी 1909 मध्ये बिशपनी सोनिएर यांची बदली कुस्तूझ या गावी केली. सोनिएर यांनी बदली नाकारली आणि राजीनामा दिला. 1910 मध्ये धर्मप्रांताच्या न्यायालयात मिस्सांच्या व्यापाराचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला चालवण्यात आला. सोनिएर आधी तारखांना हजर राहिले नाहीत. मग प्रकृतीचे निमित्त झाले. हिशेब मागितला तेव्हा त्यांनी तो अर्धामुर्धा दिला आणि काही देणगीदारांची नावे उघड करता येत नाहीत अशी भूमिका घेतली. डिसेंबर 1911 मध्ये त्यांना धर्मगुरू म्हणून कार्य करण्यास मनाई करण्यात आली. त्यांनी रोमकडे दाद मागितली, पण परिस्थिती पालटली नाही.

गावाने मात्र त्यांना सोडले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्यांनी कधी काळी कबरींबद्दल तक्रार केली, त्यांच्यातलेच अनेक जण आता कोठीतल्या खासगी प्रार्थनाघरात सोनिएर यांच्या मिस्सेला जाऊ लागले. त्यांनी गावाला देखणे मंदिर दिले होते, गवंडी-सुतारांना वर्षानुवर्षे काम दिले होते. पैसा कोणाच्या खिशातून आला, हा प्रश्न दूर कार्कासोनमधल्या अधिकाऱ्यांचा. इतका व्यवहारीपणा कोणत्याही गावात असतोच.

शेवटची वर्षे हलाखीची गेली. दक्षिणेचा ओघ आटला होता, कोठी बांधताना झालेली देणी डोक्यावर होती आणि मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढावे लागले. पहिले महायुद्ध पेटल्यावर जवळच्या गावी जखमी सैनिक आणून ठेवले जात. हा एकेकाळचा धनवान पाद्री त्यांना जपमाळा आणि धार्मिक पदके विकत असे. गुप्त खजिन्याची किल्ली ज्याच्या कनवटीला आहे, तो माणूस हे करील काय? 22 जानेवारी 1917 रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सोनिएर यांचे निधन झाले. मृत्यूच्या दहा दिवस आधीच मारी यांनी शवपेटी मागवली होती, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती पावती जूनमधली आहे. फ्रेंचमध्ये जून आणि जानेवारी यांची लिहिण्यातली रूपे घाईच्या अक्षरात सारखी दिसू शकतात, एवढेच काय ते त्यातले गूढ.

खरे गूढ यानंतर घडले, आणि ते घडवण्यात सोनिएर यांचा हात नव्हता. मारी देनार्नो त्या कोठीत एकट्याच राहिल्या. 1946 मध्ये त्यांनी ती मालमत्ता नोएल कॉर्ब्यू या गृहस्थांना दिली. मोबदल्यात कॉर्ब्यू कुटुंबाने त्यांचा अखेरपर्यंत सांभाळ केला. योग्य वेळी एक गुपित सांगेन, असे मारी म्हणत, पण आजाराने वाचा गेली आणि जानेवारी 1953 मध्ये त्या निवर्तल्या, अशी कथा पुढे पसरली. ती पसरवणारे अर्थात कॉर्ब्यूच. त्यांनी 1955 मध्ये कोठीत उपाहारगृह उघडले. आडबाजूच्या टेकडीवर जेवायला कोण येणार? त्यांनी पाहुण्यांसाठी पाद्र्याची कहाणी ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेवली. 1956 च्या जानेवारीत एका प्रादेशिक दैनिकाने ती छापली. कास्तीलच्या राणी ब्लांशने मध्ययुगात लपवलेला खजिना पाद्र्याला सापडला, असा तिचा मथितार्थ होता. काही दिवसांतच माणसे कुदळी घेऊन येऊ लागली. पुढे सुरुंगांपर्यंत मजल गेली. अखेर 1965 मध्ये गावाने खोदकामावर बंदी घातली.

या पडक्या भिंतीवर दुसरा मजला चढवला तो पिएर प्लांतार याने. हा पॅरिसकडचा एक बढाईखोर, पूर्वी फसवणुकीबद्दल शिक्षा भोगलेला. आपण फ्रान्सच्या प्राचीन मेरोव्हिंजियन राजघराण्याचे वंशज आहोत असे त्याला सिद्ध करायचे होते. 1956 मध्ये त्याने ‘सियोनचा मठ’ नावाची संस्था नोंदवली आणि ती धर्मयुद्धांच्या काळापासून चालत आल्याचा दावा केला. फिलिप द शेरिसे या मित्राने लॅटिन चर्मपत्रे रचली. ती सोनिएर यांना जुन्या वेदीच्या पोकळ खांबात सापडली, असे सांगण्यात आले आणि 1967 मध्ये जेरार द सेद यांच्या पुस्तकात ती छापली गेली. तो खांब मुळी पोकळच नाही. त्याच्यावर जेमतेम एक खाच आहे. तिघांत मानधनावरून बिनसले तेव्हा ही चर्मपत्रे बनावट असल्याचे त्यांच्यापैकीच दोघांनी उघड केले. पण तोवर ती इंग्रज लेखक हेन्री लिंकन यांच्या हाती पडली होती. बीबीसीवर त्यांचे तीन माहितीपट झाले. 1982 मध्ये त्यांनी दोन सहलेखकांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात खजिन्याच्या जागी येशू आणि मग्दालीया मरिया यांचा वंश आला. डॅन ब्राऊन यांची कादंबरी हा याचाच पुढचा पाझर. लिंकन यांच्या सहलेखकांनी लंडनच्या न्यायालयात ब्राऊन यांच्या प्रकाशकांवर कल्पना चोरल्याचा दावा लावला आणि 2006 मध्ये ते तो हरले. प्लांतारने त्याआधीच, 1993 मध्ये, एका न्यायाधीशासमोर सारे आपणच रचल्याचे कबूल केले होते. त्या कबुलीची दखल गर्दीने घेतली नाही.

गावाला या गर्दीचा लाभही झाला आणि तापही. जवळच्या एका शेतातील थडगे चित्रकार पुसँ यांच्या चित्रातल्या थडग्यासारखे दिसते, असा बोभाटा झाल्यावर तेथे इतके लोक घुसू लागले, की मालकाने 1988 मध्ये ते जमीनदोस्त करून टाकले. पाद्र्याच्या जुन्या घरात संग्रहालय उभे राहिले. खांब उन्हापावसापासून वाचावा म्हणून तो आत आणण्यात आला आणि बागेत प्रतिकृती उभारली गेली. संग्रहालयाला भेट देणाऱ्यांना कोठीच्या खोल्या, सज्जा, ग्रंथालयाचा मनोरा पाहता येतो. एका महत्त्वाकांक्षी, हिशेबी, सौंदर्याची हौस असलेल्या ग्रामीण पाद्र्याची आवड त्यातून स्पष्ट दिसते. हे सारे मुळातच इतके विलक्षण आहे, की त्याला राजवंशाची जोड कशाला हवी होती, असे वाटते. पण तिकीट काढून आलेला पाहुणा मनिऑर्डरीची कथा ऐकायला आलेला नसतो.

23 एप्रिल 2017 रोजी, फ्रान्सच्या अध्यक्षपदाच्या मतदानाची पहिली फेरी चालू असताना, मुखवटा घातलेली एक स्त्री चर्चमध्ये शिरली आणि तिने दारातल्या त्या सैतानाचे शिर कुऱ्हाडीने उडवले. स्वतः सोनिएर यांनाही मृत्यूनंतर स्वस्थता मिळाली नव्हती. कबर उकरण्याचे प्रयत्न आणि दफनभूमीत होणारी वर्दळ यांना कंटाळून 2004 च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे अवशेष तेथून काढून कोठीच्या बागेत, संग्रहालयाच्या आवारात, काँक्रीटच्या भक्कम कबरीत हलवण्यात आले. दफनभूमीला कुलूप लागले. मारी देनार्नो यांची कबर, जी इतकी वर्षे त्यांच्या शेजारी होती, ती त्या कुलपाआड तिथेच राहिली.